दोन वर्षं नुसती पात, अमेरिलिसला फुलाचा दांडाच येत नाही

कुंडीवाली_ठाणे | २९ डिसेंबर

नमस्कार मंडळी. ठाण्यात सहाव्या मजल्यावर फ्लॅट आहे, पूर्वेकडे ग्रिलची खिडकी, समोर दुसरी इमारत. अमेरिलिस लिलीचे तीन कंद आहेत. दोन ऑनलाइन मागवलेले, डबल पाकळीचे लाल आणि पांढरे. तिसरा कोकणातल्या अंगणातून आणलेला, साधा नारिंगी.

तिन्ही बारा इंची प्लॅस्टिकच्या कुंड्यांत आहेत. माती म्हणजे निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळखत. कंद पूर्ण पुरलेले, फक्त टोक वर. पाणी बारा महिने, एक दिवसाआड. पात भरपूर येते, दोन-दोन फुटांची होऊन ग्रिलवर लोळते. पण दोन वर्षांत एकही दांडा नाही. त्यातला नारिंगी तर गावी कोणी बघतसुद्धा नाही आणि दर उन्हाळ्यात फुलतो!

व्हिडिओंमध्ये कोणी पात कापायला सांगतं, कोणी कंद सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवायला. नक्की काय करू, आणि आत्ता डिसेंबरअखेर सुरुवात केली तर या उन्हाळ्यात फूल मिळेल का? लाल कंदाच्या मानेवर आणि दोन पातींवर लालसर डागही दिसतायत, तो रोग आहे का?

---

पोयटा | २९ डिसेंबर

ताई, आधी शिवणकामाची टेप घ्या आणि तिन्ही कंदांचा सगळ्यात फुगीर जागी घेर मोजा. व्यास नाही, घेर. बाजारात हे कंद घेरावरच विकले जातात: २४/२६, २६/२८, ३४/३६, म्हणजे तितके सेंटिमीटर. संकरित जातींचा कंद साधारण २० ते २२ सेंटिमीटरच्या खाली असेल तर त्याला फूल येण्याची आशा धरू नये. २६च्या पुढे बहुधा दोन दांडे मिळतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे कंद पुष्कळदा १६-१८चे असतात, फोटो मात्र ३४च्या कंदाचा असतो.

आता पात का आणि फूल का नाही, ते. हा कंद साधारण दर चार पातींमागे आतल्या आत एक कळी तयार करतो. ही कळी या वर्षीची नसते. आज बाहेर येणारा दांडा गेल्या वर्षी किंवा त्याच्याही आधी कंदात धरलेला असतो. तिचं पोषण पातींनी उन्हात बनवलेल्या अन्नावर होतं. पातींना ऊन कमी पडलं की कंद स्वतःपुरतं भागवतो आणि आतली कळी बोराएवढी व्हायच्या आतच सुकून जाते. असा कंद उभा चिरला तर पदरांमध्ये कागदासारखी वाळलेली तपकिरी कळी सापडते. म्हणजे तुमच्या कंदात कळ्या धरल्याही असतील, पण त्या पोसल्या गेल्या नाहीत.

गावचा नारिंगी का फुलतो, याचं उत्तरही इथेच आहे. अंगणात जूनपासून त्याला पाऊस, शेणमाती आणि उघडं आभाळ मिळतं. दिवाळीनंतर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही, पाणी घालत नाही. माती कोरडी ठणठणीत होते, पात पिवळी पडून बसते. मग फाल्गुन-चैत्राची उष्णता लागली की दांडा वर. कोणी काही करत नाही असं वाटतं, पण कंदाला जे हवं ते सगळं हवामानच करतं. आपल्याकडचं वर्ष असंच धरायचं: जून ते ऑक्टोबर खाणं, नोव्हेंबर ते जानेवारी झोप, फेब्रुवारी ते एप्रिल फूल. बर्फाळ देशांतल्या व्हिडिओंचं वेळापत्रक इथे उचलून आणलं की सगळं उलटंपालटं होतं.

उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. आत्ता असं करा.

कंद कुंडीत ठेवूनच पाणी तोडायचं, ही नेहमीची पद्धत. तुमच्या बाबतीत ती चालणार नाही. बारा इंची प्लॅस्टिकच्या कुंडीतलं कोकोपीट वरून सुकं दिसतं, पण तळाशी तीन-चार आठवडे ओलं राहतं, आणि झोपलेल्या कंदाला ती ओलच कुजवते. म्हणून कंद बाहेर काढा. खुरप्याने ओढू नका, कुंडी आडवी करून मातीचा गड्डा सोडवा. कोकोपीट झटका, धुऊ नका. पांढरी, जाड मुळं असतील ती एकही कापायची नाही, ती पुढच्या वर्षी पुन्हा कामाला येतात. पोकळ झालेली, ओढली की सालपट सुटणारी तपकिरी मुळं काढून टाका.

हिरवी पात कापू नका. पात वाळताना तिच्यातला रस कंदात उतरतो. कापलीत तर तो तुम्ही कचऱ्यात टाकलात. पातीसकट कंद भाजीच्या जाळीदार क्रेटमध्ये वर्तमानपत्रावर आडवे ठेवा, एकमेकांना न चिकटवता. पलंगाखाली, माळ्यावर, कुठेही चालेल. उजेड नको, वारा हवा. तीन-चार आठवड्यांत पात पिवळी होऊन गळून पडेल, मगच मानेपासून दोन बोटं सोडून कापा. सगळं मिळून आठ ते दहा आठवडे. कंद दाबल्यावर कांद्यासारखा घट्ट लागला पाहिजे. थोडा हलका झाला तरी घाबरू नका, मऊ लागला तर मात्र लगेच बघा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लावा. मोठ्या कुंडीचा हव्यास सोडा: कंद आणि कुंडीची कड यांत चारही बाजूंनी दोन बोटं जागा पुरे, म्हणजे २४-२६च्या कंदाला सहा इंची मातीची कुंडी. मातीचीच म्हणतो, कारण दांड्यावर चार मोठी फुलं आली की प्लॅस्टिकची हलकी कुंडी तोल जाऊन पडते. माती: दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग जाड वाळू, एक भाग जुनं गांडूळखत, आणि कुंडीमागे एक मोठा चमचा निंबोळी पेंड आणि एक मोठा चमचा हाडांचा चुरा. काळी माती नको, ती पावसात चिखल होते आणि उन्हात भेगाळून मुळं तोडते. कोकोपीट घालायचंच तर मूठभर.

आणि कंदाचा वरचा निदान एक तृतीयांश भाग मातीच्या वर उघडा राहिला पाहिजे. मान पुरली की पाणी पदरांत शिरतं. तुमच्याकडे तिन्ही कंद पुरलेले आहेत, तेव्हा डागांचं मूळ तिथेही असू शकतं.

---

गच्चीवाला | ३० डिसेंबर

पोयटांशी सहमत. उजेडाबद्दल थोडं, कारण फ्लॅटमधलं खरं दुखणं तेच आहे.

पूर्वेची खिडकी, समोर इमारत, वर सरकती काच: म्हणजे थेट ऊन जेमतेम दोन तास. अमेरिलिसला वाढीच्या महिन्यांत चार-पाच तास तरी लागतं. ऊन पुरतंय का हे पातच सांगते. पुरेसं ऊन असेल तर ती दीड फुटाच्या आसपास थांबते, रुंद आणि ताठ राहते, मधून वाकवली तर परत उभी होते. दोन फूट लांब, अरुंद, लोळणारी पात म्हणजे ती उजेड शोधत वाढलेली. तिची संख्या कितीही असली तरी कंद जाड होत नाही.

उपाय दोन. सोसायटीची गच्ची किंवा दक्षिणेची-पश्चिमेची गॅलरी मिळत असेल तर जून ते ऑक्टोबर कुंड्या तिकडे न्या. मे महिन्यात थेट उन्हात ठेवू नका. घरात वाढलेली पात दोन दिवसांत पांढरी पडून भाजते आणि ती पुन्हा हिरवी होत नाही. जूनमध्ये ढग आले की हलवायच्या, म्हणजे आपोआप सवय होते. मात्र मुसळधार पावसात कुंडी पत्र्याच्या किंवा गच्चीच्या पागोळीखाली नको, आणि खाली ताटली तर नकोच नको. विटेच्या दोन तुकड्यांवर टेकवा, म्हणजे तळाचं भोक मोकळं राहतं.

बाहेर जागाच नसेल तर वाढीचा पांढरा एलईडी दिवा लावा, २० वॅटच्या आसपासचा. पातीच्या टोकापासून २५-३० सेंटिमीटर वर, रोज १२ ते १४ तास, टायमरवर. दिवा छताला टांगला तर उपयोग नाही, अंतर वाढलं की उजेड झपाट्याने कमी होतो. दिवस लहान-मोठा असण्याशी याच्या फुलाचा संबंध नाही, शेवंतीसारखा हिशेब इथे लावू नका. प्रश्न फक्त एकूण उजेडाचा आहे.

दांडा वर येत असताना आणि फुललेला असताना ऊन लागत नाही. तेव्हा खुशाल हॉलमध्ये टीपॉयवर ठेवा, उलट थंड खोलीत फूल जास्त दिवस टिकतं. चूक होते ती पुढे. फुलं सुकतात, कुंडी तिथेच कोपऱ्यात राहते, आणि पात नेमकी त्याच अंधारात वाढते. फूल संपलं त्याच दिवशी कुंडी खिडकीत परत गेली पाहिजे.

---

कुंडीवाली_ठाणे | ३१ डिसेंबर

खूप आभार! काल तिन्ही काढले. लाल: घेर २३. पांढरा: १६. नारिंगी: मुख्य कंद १९ आणि त्याला चिकटून पाच पिल्लं, सगळ्यात मोठं लिंबाएवढं. लाल कंदाला बाहेरच्या दोन पदरांवर विटकरी लाल ओरखडे, मानेजवळ एक खोलगट डाग. बूड घट्ट आहे. पांढऱ्याची निम्मी मुळं कुजलेली. लाल डागांचं काय करू? आणि फ्रिजचं खरं की खोटं?

---

रानजाई | १ जानेवारी

लाल डागांबद्दल. या कंदाची एक खासियत आहे: कुठेही जखम झाली की तिथे लाल रंग येतो. नख लागलं, खुरपं घासलं, कुरिअरमध्ये आदळला, तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल रेघ उमटते. त्यामुळे प्रत्येक लाल डाग रोग नसतो. कोरडा, सपाट, न वाढणारा ओरखडा असेल तर सोडून द्या.

रोगाचा डाग वेगळा. पातीवर आधी लाल ठिपके येतात, मग ते लांबट होऊन मध्ये खचतात, आणि पात नेमकी त्या जागी वाकते. दांड्यावर आला तर दांडा डागाच्या बाजूला कमानीसारखा वळतो, कधी तिथेच मोडतो. ही स्टॅगोनोस्पोरा नावाची बुरशी, लिलीवाले तिला लाल करपा म्हणतात. ती पाण्याच्या थेंबांतून पसरते. मान पुरलेली आणि एक दिवसाआड पाणी, म्हणजे तिला आयतं घर.

मानेजवळचा खोलगट डाग रोगाचाच वाटतो. बाहेरचे तपकिरी पापुद्रे पूर्ण सोलून काढा. बुरशी पुष्कळदा त्यांच्या आड बसते. खालचा पांढरा पदर स्वच्छ दिसला तर बरंच. त्यावरही डाग असेल तर तेवढा भाग धारदार ब्लेडने निरोगी पांढरा गर दिसेपर्यंत कोरून काढा. ब्लेड प्रत्येक कंदागणिक स्पिरिटने पुसा. मग कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबची मिश्र बुरशीनाशक पावडर लिटरला २ ग्रॅम, त्या पाण्यात कंद २० मिनिटं बुडवा, सावलीत दोन दिवस सुकवा. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. दालचिनीची पूड लावा असंही सांगतात. छोट्या ताज्या जखमेला ती चालेल, मुरलेल्या डागाला पुरणार नाही.

पांढऱ्याची कुजलेली मुळं मुळापासून काढा आणि बूड अंगठ्याने दाबून बघा. मूळ कुजलं तर कंद वाचतो, बुडाची चकती मऊ पडली तर नाही. नवी मुळं त्या चकतीच्या कडेनेच फुटतात.

पातीवर पिवळ्या-हिरव्या चट्ट्यापट्ट्यांची नक्षी दिसत असेल, डाग नाही, तर तो विषाणू. त्याला औषध नाही. तो कंद बाकीच्यांपासून दूर करून टाकूनच द्या, कारण मावा आणि तुमचंच ब्लेड तो पसरवतात. जीवावर येतं, पण एक कंद वाचवायला जाऊन सगळे घालवू नका.

पावसाळ्यासाठी आत्ताच लिहून ठेवा: लिलीची अळी. दोन प्रकारच्या येतात, दोन्ही काळ्या. एकीवर पांढरे-लाल ठिपके, ही कळलावीवरही येते. दुसरीवर पांढरट पिवळे ठिपके-पट्टे. पतंग पातीवर पुंजक्याने अंडी घालतो. बारकी पिल्लं पातीच्या दोन कातड्यांमध्ये शिरून आतून खातात, तेव्हा बाहेरून फक्त पारदर्शक चट्टा दिसतो. चार दिवस दुर्लक्ष झालं तर अख्खी पात फस्त आणि अळ्या मानेतून कंदात. जून ते सप्टेंबर दर दोन दिवसांनी पातीची खालची बाजू बघा. अंडी दिसली की पातीचा तेवढा तुकडा कापून साबणाच्या पाण्यात. अळ्या हाताने वेचल्या तर कुंड्यांना पुरतं. जास्त असतील तर बीटीची (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) पावडर लिटरला १ ते २ ग्रॅम, संध्याकाळी, पाऊस नसेल तेव्हा. ती अळी लहान असतानाच लागू पडते. अळी मातीत जाऊन कोष करते, म्हणून एकदा हल्ला झाला की वरची दोन-तीन सेंटिमीटर माती उकरून कोष वेचा, नाहीतर महिनाभरात दुसरी फेरी.

आणखी एक, यावर कोणी बोलत नाही म्हणून: हा कंद विषारी आहे. क्रेटमध्ये सुकवलेला अमेरिलिस आणि कांदा यांत अंधुक उजेडात फरक कळत नाही. पोटात गेला तर उलट्या, जुलाब. कांदे-बटाट्यांच्या टोपलीपासून लांब ठेवा, वर चिठ्ठी लावा. घरात मांजर-कुत्रं असेल तर पातही त्याच्या तोंडाला लागू देऊ नका.

---

उत्रेख्तकर | २ जानेवारी

फ्रिजच्या गोंधळाचं कारण इकडचं, म्हणजे युरोपातलं आहे, म्हणून लिहितो.

ट्युलिप, डॅफोडिल यांना फुलण्यासाठी खरोखरच थंडी लागते. अमेरिलिसला लागत नाही. ते मूळचं दक्षिण अमेरिकेचं, ब्राझील-बोलिव्हिया-पेरूकडचं. त्याला हवी असते कोरडी विश्रांती. युरोपात ती १० ते १३ अंशांवर देतात, कारण कंद साठवायला आणि सगळ्यांना एकाच वेळी जाग आणायला ते सोयीचं असतं. घरचा फ्रिज ४-५ अंशांवर असतो, ते या कंदाला जास्तच थंड. शिवाय भाजीच्या कप्प्यात सफरचंद-केळी असतात. त्यांतून निघणारा इथिलीन वायू आतल्या कळीला मारतो. ठाण्यात जानेवारीच्या रात्री घरात कोरडं ठेवलं की काम भागतं. फ्रिज विसरा.

नेदरलँड्समध्ये हे कंद उघड्या शेतात नाही, काचगृहात वाढवतात. डिसेंबरात फुलवायचे कंद बरेचसे दक्षिण आफ्रिका आणि पेरूतून येतात. तिथला उन्हाळा उलटा असल्यामुळे ते आधीच झोप काढून आलेले असतात. असा कंद भारतात नोव्हेंबरात लावला तर डिसेंबर-जानेवारीतच दांडा टाकतो. लोकांना वाटतं दरवर्षी तसंच होणार. पुढच्या वर्षापासून तो इथल्या ऋतूला लागतो आणि मार्च-एप्रिलवर येतो. कंद बिघडलेला नाही, त्याचं घड्याळ बदललं.

इकडे राहणाऱ्या मंडळींसाठी दोन ओळी: सप्टेंबरअखेर, पहिल्या हिमाच्या आधी कुंडी आत घ्या, पाणी बंद, तळघरात ८ ते १० आठवडे. मग २०-२२ अंशांच्या खोलीत आणली की ६ ते ८ आठवड्यांत फूल. मेणात बुडवलेले कंद भेट म्हणून मिळतात, त्यांची मुळं छाटलेली असतात आणि बुडात तार खोचलेली असते. ते एकदाच फुलवण्यासाठी असतात. वाचवायचाच असेल तर फूल संपताच मेण सोलून, तार काढून मातीत लावा. बूड शाबूत असेल तरच जगेल.

नावाबद्दल: शोधताना हिपिएस्ट्रम हे नाव टाका, नेमकी माहिती सापडेल. खरं अमेरिलिस दक्षिण आफ्रिकेचं, त्याचा दांडा भरीव असतो. आपल्या कुंडीतल्याचा पोकळ. या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञांचा वाद १९८७ पर्यंत चालला. बाजाराने मात्र जुनंच नाव धरून ठेवलंय. पहिला संकर १७९९ साली इंग्लंडमध्ये आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीने केला. लाल पाकळी, मधोमध पांढरा पट्टा. जुन्या बागांतून हा जॉन्सनी आजही दिसतो.

---

पोयटा | २ जानेवारी

माप मिळालं, आता तिन्हींचं वेगवेगळं सांगतो.

लाल, २३: रानजाईंनी सांगितलेला उपचार करून झोपवा. डाग कोरावा लागला तर या वर्षी एखादा दांडा आला तरी पुष्कळ.

पांढरा, १६: याला झोपवू नका. क्रेटमध्ये आडवे ठेवायच्या कंदांतून हा वगळा. लहान कंदाला फुलवायचं नसतं, वाढवायचं असतं, आणि उपाशी-कोरडा ठेवून तो वाढणार नाही. पाच इंची कुंडीत आत्ताच लावा, पात राहू द्या, माती वरून एक इंच सुकली की पाणी. ऊन नीट मिळालं तर दोन पावसाळ्यांत २२-२४ होईल.

नारिंगी, १९: ही जुनी साधी जात संकरितांपेक्षा लहान कंदावर फुलते, १९ तिला पुरे. लिंबाएवढं पिल्लू अंगठ्याने बाजूला ढकलून बघा. स्वतःची मुळं असतील आणि सहज सुटलं तर वेगळं लावा. बाकीची बारकी आईलाच चिकटून राहू देत. ओढून तोडली तर दोघांच्या बुडाला जखम होते. पिल्लांना फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. हिला कुंडीत तिघी-चौघींची गर्दी चालते, उगाच दरवर्षी उकरू नका.

मार्चमध्ये लावल्यावर पहिलं पाणी भरपूर, तळातून वाहेपर्यंत. त्यानंतर हात आखडा. टोक दिसेपर्यंत आठवड्यातून एकदा कडेकडेने अर्धा पेला, बस. सगळ्यात जास्त कंद याच पंधरा दिवसांत मरतात: नवी मुळं नाहीत, पात नाही, पाणी ओढणार कोण? आणि माणूस काळजीने रोज ओततो. दांडा चार बोटं वर आला की दर तीन-चार दिवसांनी, पात मोठी झाली की माती बघून. मानेत कधीच पाणी ओतू नका.

खत फूल संपल्यावर, पात वाढायला लागली की. जून ते ऑगस्ट: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच) विद्राव्य खत, लिटरला १ ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, ओल्या मातीवर. सप्टेंबर-ऑक्टोबर: नत्र बंद, ००:००:५० (फक्त पालाश) लिटरला १ ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. पालाश कंद भरायला मदत करतो. दिवाळीनंतर काहीच नाही. कृषी सेवा केंद्रात किलोचा पुडा मिळतो. निम्मंअधिक गांडूळखत घातलेल्या मातीत नत्र भरपूर होतं, तुमच्या लांबलचक पातीला तेही जबाबदार.

दिवाळीत पाती मोजा. जूनपासून आठ-दहा निरोगी पाती आल्या असतील तर पुढच्या वर्षी दोन कळ्यांची तयारी झाली आहे असं समजा.

---

कुंडीवाली_ठाणे | १९ मार्च

७ मार्चला लाल आणि नारिंगी लावले. नारिंगीच्या मानेतून काल हिरवं टोक निघालंय, सेंटिमीटरभर. पात की दांडा?? लालमध्ये अजून हालचाल नाही.

---

रानजाई | १९ मार्च

दोन गोष्टी बघा. कुठून निघालंय, आणि टोक कसं आहे. पात मानेच्या बरोबर मधून येते, आणि तिचं टोक चपटं, बोथट, जिभेसारखं असतं. एक-दोन दिवसांत शेजारी दुसरी पात समोरासमोर दिसते. दांडा मधोमध न येता मानेच्या कडेने, जुन्या पदरांच्या फटीतून वर सरकतो. टोक फुगीर, भाल्याच्या पात्यासारखं, कडेला बारीक लालसर रेघ. चिमटीत अलगद धरलं तर पात कागदासारखी लागते, दांडा आतून भरलेला, मिटलेल्या चोचीसारखा. ओढू किंवा उघडू नका.

---

कुंडीवाली_ठाणे | १९ मार्च

कडेने! आणि फुगीर!

---

पोयटा | १९ मार्च

मग दांडाच. अभिनंदन.

आजपासून कुंडी दर दोन दिवसांनी पाव फेरा फिरवा, नाहीतर तो खिडकीकडे झुकत वाढेल. टेकू हवा असेल तर आत्ताच, कंदापासून एक बोट लांब, बांबूची काडी मातीत खोचा. नंतर खोचली तर मुळात घुसते. टेकू म्हणून शिसपेन्सिल चालणार नाही, दीड फुटाची काडी हवी.

ठाण्याच्या उकाड्यात तीन-चार आठवड्यांत फुलेल. पाणी आता चुकवू नका. या टप्प्यावर माती कोरडी पडली किंवा मुळं पुरेशी फुटली नाहीत, तर दांडा आखूड राहतो आणि फुलं मानेतच अडकून उमलतात. कळीवरचं पातळ वेष्टण फाटून दोन-चार कळ्या वेगळ्या झाल्या की ऊन बंद, थंड जागी आणा. प्रत्येक फूल उमलताच पिवळी परागकोशं छोट्या कात्रीने कापा. पाकळ्यांवर पराग सांडत नाही, परागीभवन होत नाही, फूल दोन-तीन दिवस जास्त टिकतं.

सुकलेलं फूल मागच्या हिरव्या गाठीसकट खुडा, ती गाठ म्हणजे बी धरणारी बोंडी. ती वाढू दिली तर महिनाभर कंदाचं अन्न खाते. दांडा मात्र हिरवा असेपर्यंत ठेवा, तोही पातीसारखं अन्न बनवतो. पिवळा पडला की तीन-चार सेंटिमीटर सोडून कापा. आतून पाणी वाहील, पोकळ दांड्यात ते साठलेलं असतं. मानेत न उतरता बाहेर पडावं म्हणून कापताना कुंडी तिरकी धरा.

लालला बाराच दिवस झालेत, सहा आठवड्यांपर्यंत वाट बघा. बूड घट्ट आहे ना, एवढंच आठवड्यातून एकदा कंद किंचित हलवून बघा. जागेवरून हलत नसेल तर खाली मुळं धरलीत.